एकाच मळ्याची कॉफी

मामा, तुमच्या दहाव्याला थोरल्या भाऊजींनी पिंडाजवळ चहाचा कप ठेवला. "आबांना चहा लागायचा," असं त्यांनी गुरुजींना सांगितलं. उजनीच्या पाण्याच्या कडेला सगळं गोत उभं होतं. कावळा आला आणि लगेच शिवला. माणसं हलली, चपला शोधू लागली. कुणीतरी म्हणालं, आबांची काही इच्छा राहिली नव्हती, सोन्यासारखं मरण आलं. बायकांनी माना डोलावल्या. मला रडू आलं नाही. राग आला. कावळ्याचा आला, भाऊजींचा आला आणि सगळ्यांत जास्त तुमचा आला.

चहा तुम्ही कधीच सोडला होता. ते त्या गर्दीत फक्त मला आणि तुमच्या धाकट्या लेकाला, दत्ताला, माहीत होतं. आणि तुम्ही समाधानानं गेला नाहीत, हे तर एकट्या मलाच.

सारा गाव तुम्हाला आबा म्हणायचा. मी सून, म्हणून मामा. लग्नानंतर गावी, कळसला, होते तेवढे दिवस मी तुमच्यासमोर कधी बसले नाही. तुम्ही अंगणात आलात की मी आत जायची. आत्याबाई गेल्या आणि तुम्ही आमच्याकडं बारामतीला आलात, तेव्हाही सुरुवातीचे महिने तसेच गेले. दत्ता एमआयडीसीत, मी शाळेत शिकवायला. तुम्ही ओट्यावर बसून रस्ता बघायचात. "मामा, जेवता का?" "व्हय." एवढंच आपलं बोलणं. तुम्ही तरुणपणी पलटणीत होता, लढाईवर गेला होता, हे ऐकून माहीत होतं. कुठं गेला होता, तिथं काय झालं, ते घरात कुणी विचारलं नव्हतं आणि तुम्ही सांगितलं नव्हतं. कळसच्या माणसांना तुमची मेंढरांची पारख माहीत होती. एवढंच.

मग ते यंत्र आलं.

दत्ताच्या कारखान्यात इटलीहून आलेली यंत्रं बसवायला तिकडचे मिस्त्री आले होते. त्यातले ब्रुनोसाहेब वयानं मोठे, दत्तावर त्यांचा जीव. परत जाताना त्यांनी आपल्या खोलीतलं कॉफीचं यंत्र दत्ताला देऊन टाकलं. पाण्याची छोटी टाकी, वर एक दांडा, खाली एक चाळणी. चाळणीत बारीक पूड दाबून भरायची, पाणी तापलं की दांडा वर उचलायचा आणि मग जोर लावून हळूहळू खाली ओढायचा. कपात दोन घोटांची काळी कॉफी उतरायची, वर तपकिरी साय. दत्तानं एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरात ते चालू केलं. वाफ फुसफुसली आणि तुम्ही ओट्यावरनं उठून थेट आत आलात. स्वयंपाकघरात तुम्ही कधी पाऊल टाकायचा नाहीत. मी गडबडीनं पदर घेतला. तुमचं माझ्याकडं लक्षच नव्हतं.

"ह्ये मी प्यालोय," तुम्ही म्हणालात.

दत्ता हसला. त्यानं कप पुढं केला. तुम्ही उभ्यानंच घोट घेतलात, तोंडात फिरवलात.

"आवाज त्योच हाय. चव ती न्हाय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खुर्चीवर बसला होता. मला म्हणालात, "सुमन, बस हितं." मी उभीच राहिले. "बस म्हणतोय न्हवं. उभ्या माणसाला काय सांगता येत न्हाय." तुमच्यासमोर खुर्चीवर बसायची माझी ती पहिली वेळ. आणि मग तुम्ही मला ते सांगितलंत. पोटच्या लेकांना नाही, मला. त्याचं मला किती अप्रूप वाटलं होतं, ते तुम्हाला कधी कळलं का?

दुसऱ्या महायुद्धाचं साल, इटलीत हिवाळा होता. तुमची पलटण एका गावाच्या स्टेशनाजवळ थांबली होती. अर्धं पडलेलं एक दुकान, आणि आत पितळेचं माणसाएवढं यंत्र, त्याच्या डोक्यावर पंख पसरलेला गरुड. तुम्ही आणि बावड्याचा धोंडीबा आत गेलात. धोंडीबा म्हणजे भरती झाल्या दिवसापासूनचा तुमचा जोडीदार. एका ताटात जेवायचात, एका घोंगडीत झोपायचात. दुकानदारानं दोन इवलेसे कप पुढं ठेवले. धोंडीबानं एक घोट घेतला आणि थुंकला. "सख्या, ही कॉफी न्हाय. कुणाचं तरी दळण करपलंय." तुम्ही साहेबांच्या मेसवर काम केलेलं, कॉफी तुम्ही चाखलेली. तुम्ही म्हणालात, "गावंढळ हायस. इटलीत ह्यालाच कॉफी म्हणत्यात." पलटणीतले चारजण हसले. धोंडीबानं कप तुमच्याकडं सरकवला. तुम्ही त्याचाही प्यालात.

"लय कडू हुती," तुम्ही मला म्हणालात. "पर अशी चव मंग कधीच लागली न्हाय." मग थोडं थांबून, "धोंडीबा त्याच्याफुडं थोड्याच दिसांत गेला. नदी वलांडताना."

मी विज्ञान शिकवणारी बाई. मला वाटलं, यात अवघड काय आहे? एक चव आहे, ती कशापासून येते ते शोधायचं. ब्रुनोसाहेबांनी दिलेली पूड संपल्यावर मी दुकानातून तयार पुडी आणली. तुम्ही घोट घेतलात आणि डोळे बारीक केलेत. "जरा जवळ आल्यागत वाटतंय." मी पुडीवरचं वाचलं. त्यात चिकोरी मिसळलेली होती. मी म्हणाले, "मामा, यात दुसरं मूळ भाजून घातलंय. ही शुद्ध नाही." तुम्ही लगेच कप खाली ठेवलात. "मंग ही नगं. शुद्ध आणू."

आणि आपण हमीदभाईंच्या दुकानात गेलो.

हमीदभाईंचा पिढीजात मसाल्याचा धंदा. मिरी, वेलदोडे त्यांच्याकडं दक्षिणेच्या डोंगरातून यायचे आणि कॉफी पिकते त्याच डोंगरात. तुम्ही त्यांना सगळं समजावून सांगितलंत. ते म्हणाले, "आबा, आतापतोर समद्या मळ्यांची कॉफी सरकारी ढिगात जायाची. कुणाची कुठली काय कळायचं न्हाय. आता मळेवाले आपापली इकाय लागल्यात. तुमाला एकाच मळ्याची पायजेल आसंल तर मी मागवतो."

"एकाच मळ्याची पायजेल," तुम्ही म्हणालात. "मिसळल्यालं वळखू येत न्हाय."

तिथून आपली ती तीनेक वर्षं सुरू झाली. पहिलं कच्चं बी आलं कोडगूच्या एका मळ्याचं, हिरवट, वाटाण्यासारखं. मी ते लोखंडी कढईत भाजलं. लाह्यांसारखं तडतडलं आणि सगळ्या घरात धूर झाला. दळायला तुम्ही ते मसाल्याच्या डंकावर नेलंत. आधी तिथं मिरची कुटलेली. ती कॉफी प्यायला आपण तिघं बसलो आणि तिघांच्या नाकाडोळ्यांतून पाणी. त्या दिवशी तुम्ही हसलात. तुमचा हसण्याचा आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला. मग हमीदभाईंनी खास कॉफीचं हातयंत्र मागवून दिलं आणि दळणं तुमच्याकडं लागलं. दांडा हलका खाली गेला की तुम्ही म्हणायचात, पूड जाड झाली. दांडा अडला की जास्त बारीक. ऐन पाणी तापताना वीज गेली की तुम्ही वीज मंडळाला उभं-आडवं घ्यायचात.

चिकमंगळूरकडची आली. "आंबट हाय." वायनाडची आली. "हिच्यात नुसता जोर हाय, बाकी काय न्हाय." मलबारची आली, पावसाळी वाऱ्यावर पसरून फुगवलेली. "ओल्या पोत्याचा वास येतोय." दर वेळी तुम्हाला मळ्याची कुंडली हवी असायची. माती तांबडी का काळी, सावलीला झाडं कुठली, पाणी विहिरीचं का पावसाचं. हमीदभाई बिचारे फोन करून विचारायचे. आपण दोन बिया मिसळून बघू, असं मी एकदा म्हणाले, तर तुम्ही मला झिडकारलंत. "मेंढरं मिसळली की वाण जातं. मग कुणाला काय इचारायचं?" आपलं यावर कित्येक दिवस भांडण चाललं होतं. मी म्हणायची, इटलीतले लोक चार ठिकाणचं बी मिसळूनच पितात, दत्तानं ब्रुनोसाहेबांकडून ऐकलंय. तुम्ही म्हणायचात, त्या दुकानात एकच पोतं हुतं, मी डोळ्यांनी बघितलंय.

खरं सांगते मामा, ते दिवस चांगले होते. मला माझे वडील लहानपणी गेले. बापाशी भांडणं कसं असतं ते मला ठाऊक नव्हतं. शाळेतून आले की तुम्ही पूड दळून ठेवलेली असायची, मी यंत्र चालू करायची आणि आपण समोरासमोर बसायचो. पदर कधी खांद्यावर आला ते मलाही कळलं नाही आणि तुम्हीही कधी त्यावरून बोलला नाहीत. शेजारच्या बाया म्हणायच्या, सासरा-सून नुसतं काय उकळत बसतात. कळसहून भाऊजी यायचे आणि ओट्यावरून म्हणायचे, "म्हाताऱ्याला इटली लागलीया." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात.

मग बाबाबुडनच्या डोंगरातलं बी आलं. हमीदभाईंनी ते हातात देताना सांगितलं, की हजला गेलेल्या फकिरानं कॉफीचं पहिलं बी याच डोंगरात आणून लावलं. ते भाजलं तेव्हा धूरसुद्धा वेगळा आला. कपात मनुकांचा वास, मागून काकवीसारखा गोडवा. मी दोन घोट घेतले आणि मला वाटलं, झालं. एवढी चांगली वस्तू माझ्या स्वयंपाकघरात तयार झाली, याचंच मला नवल वाटलं.

"मामा, ही चांगली आहे."

"चांगली हाय," तुम्ही म्हणालात. "ती न्हाय."

"अहो, पण याच्यापुढं काय असणार?"

"चांगली कोन मागतंय, सुमन?"

मला वाईट वाटलं होतं. तुम्हाला ते दिसलं होतं, तरी तुम्ही दुसरा घोट घेतला नाहीत.

त्याच हिवाळ्यात ब्रुनोसाहेब यंत्रांच्या दुरुस्तीला परत आले. तुम्ही दत्ताच्या मागं लागून त्यांना जेवायला बोलावलंत. सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसला होता, डोक्यावर पलटणीची टोपी. जेवणं झाल्यावर मी बाबाबुडनची कॉफी केली. दांडा तुम्ही स्वतः ओढलात. ब्रुनोसाहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, की आपल्या घरीसुद्धा अशी होत नाही. दत्तानं सांगितलं तेव्हा तुम्ही हात हलवलात. ते नाही. तुम्हाला विचारायचं होतं ते वेगळंच.

"त्यांना इचार, लढाईच्या सालात त्यांच्या दुकानांत कुठल्या मळ्याचं बी असायचं."

दत्तानं विचारलं. ब्रुनोसाहेब आधी हसले. मग तुमच्या टोपीकडं बघून हसायचे थांबले. हळूहळू बोलू लागले आणि दत्ता आम्हाला सांगू लागला. त्या सालात त्यांच्याकडं कॉफी नव्हतीच. बाहेरून माल येणं बंद होतं. माणसं सातू काळेठिक्कर पडेपर्यंत भाजायची, त्यात चिकोरीचं मूळ मिसळायची आणि त्याचीच पूड करून प्यायची. ब्रुनोसाहेब तेव्हा लहान होते. त्यांची आई रोज सकाळी तव्यावर सातू भाजायची, त्याचा धूर त्यांना अजून आठवत होता.

"पुन्हा इचार," तुम्ही म्हणालात.

दत्तानं पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं.

"मंग तिला कॉफी कशापाय म्हणायचे?"

ब्रुनोसाहेबांनी खांदे उडवले. दुसरं काय म्हणणार, असं म्हणाले.

ब्रुनोसाहेबांनी तुमच्या हातावर हात ठेवला, तो तुम्ही ठेवू दिलात. मग कुणाकडं न बघता म्हणालात, "म्हंजे धोंडीबा बरोबर हुता." आणि उठून ओट्यावर गेलात.

मी तेव्हा तुमच्या मागून आले नाही. मला वाटलं, एका चवीचा प्रश्न होता, सुटला. उलट थोडं हलकंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "मला बावड्याला घिऊन चल." मी सुट्टी टाकली. आपण एसटीनं इंदापूरला गेलो, तिथून बावड्याची गाडी धरली. वाटेत तुम्ही सांगितलंत, की धोंडीबाची बायको, सोनाबाई, अजून आहे. लढाईवरून परत आल्यावर तुम्ही त्याची पेटी पोचवायला गेला होता, तेव्हा ती दाराआड उभी होती, कोवळी पोर. बोलणं तिच्या सासऱ्याशी झालं. नंतर तुम्ही कधी गेला नाहीत.

सोनाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. भोवती केळीची बाग, घर नवं, स्लॅबचं. तुम्ही ओट्याच्या कडेला टेकलात.

"वळखलं का वैनी? मी कळसचा सखाराम. धोंडीबाच्या पलटणीतला."

"वळखलं न्हाय. नाव ठावं हाय."

तुम्ही तिला सगळं सांगितलंत. ते दुकान, ते कप, धोंडीबा काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात. "मी त्याला चारचौघांत येडा ठरीवला. आता कळलं, त्योच बरोबर हुता. ती कॉफी नव्हतीच. म्हणून सांगाय आलो."

तिचे हात थांबले नव्हते. "आन् मंग?"

"मंग काय न्हाय. येवढंच."

"येवढ्यासाठी आलायसा? पन्नास वर्सांनी?"

तिनं शेंगांची पाटी बाजूला सारली आणि पहिल्यांदा तुमच्याकडं नीट बघितलं.

"मला येकच सांगा भावजी. शेवटच्या दिशी त्यो जेवला हुता का?"

बाहेर केळीत मोटार चालू होती, पाण्याचा आवाज येत होता. तुम्ही जमिनीकडं बघत होता.

"ठावं न्हाय," तुम्ही म्हणालात.

"येका पलटणीत हुता न्हवं?"

"व्हय. पर त्या दुकानापास्नं त्यो माज्याशी बोलत नव्हता. जेवाय लांब बसायचा. मी बी गेलो न्हाय त्याच्याकडं. म्हणलं, यील आपसूक."

हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. एवढी वर्षं समोर बसून तुम्ही मला कपाचा रंग, गरुडाचे पंख, दुकानदाराची मिशी, सगळं सांगितलंत. हे नाही. तेव्हा मला कळलं, की आपण चव शोधतच नव्हतो. ती खरी कॉफी निघाली असती, तर त्या भांडणात निदान तुम्ही बरोबर ठरला असता. तुम्हाला तेवढंच हवं होतं.

सोनाबाई म्हणाली, "चार म्हयने नांदले मी त्याच्यापशी. मला त्याचा आवाज सुदीक आठवत न्हाय. कुनी सांगंल म्हणून वाट बघितली, त्यो काय बोलायचा, काय खायाचा, उपाशी गेला का भरल्या पोटी. आन् तुमी मला कॉफी सांगताव." मग तिनं आत हाक मारून चहा करायला सांगितलं. "चहा घिऊन जावा. उनाचं आलायसा."

चहा सोडलेला असूनही तुम्ही तो कढत कढत प्यालात. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत एकदा म्हणालात, "बरोबर बोलली."

पुढं मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. पण मी ते का केलं, ते तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही दळायचं बंद केलं होतं. शाळेतून आले की टेबल रिकामं असायचं आणि तुम्ही ओट्यावर. मला ते सोसेना. मी हमीदभाईंकडून सातू आणला. सातूचं पाणी आजाऱ्याला देतात, म्हणून त्यांनी विचारलं, "आबांना बरं न्हाय का?" मी चिकोरीची पुडीही घेतली. सातू काळा पडेस्तोवर भाजला, तुमच्या हातयंत्रात दळला, चाळणीत दाबून भरला आणि दांडा ओढला. काळंभोर उतरलं, वर साय नाही. तुम्हाला आत बोलावलं. तुम्ही दारातच थबकलात. तुमच्या नाकपुड्या हलल्या, ते मी बघितलं मामा, नाही म्हणू नका. तुम्ही खुर्चीवर बसलात, कप उचलून नाकाशी नेलात. मग कप खाली ठेवलात.

"नगं."

"एक घोट घ्या, मामा. एवढे मळे पालथे घातले आपण. आता समोर आहे तर."

"समोर हाय म्हणूनच नगं."

"बरं, पिऊ नका. हीच का ती, तेवढं तरी सांगा."

"कप उचल, सुमन."

तुम्ही उठलात. मी तुमच्या पाठीकडं बघून म्हणाले, "मग मी हिचं काय करू?" तुम्ही मागं वळला नाहीत. तो कप मी प्याले. करपलेल्या पिठासारखी लागली. जिभेवरून ती चव जाईना, पाणी प्याले तरी जाईना. ती तुमची होती की नाही, मला काय माहीत?

त्यानंतर आपण पुन्हा पहिल्यासारखे झालो. "मामा, जेवता का?" "व्हय." पदर मी पुन्हा डोक्यावर घ्यायला लागले, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही. तुम्ही एकदा म्हणालात, कळसला जाऊन येतो, ऊस बघतो. दुसऱ्या दिवशी परत आलात. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. काही आठवड्यांनी दुपारी आडवे झालात, ते उठलाच नाहीत. शाळेत निरोप आला तेव्हा मी पोरांना पाण्याचा उत्कलनबिंदू शिकवत होते. खडू हातात तसाच घेऊन घरी आले.

माणसं आली, गेली. बारामतीच्या आपल्या बिऱ्हाडी हमीदभाई रोज येऊन बसायचे, काही न बोलता. तेवढे एकच होते ज्यांच्याशेजारी मला बसावंसं वाटायचं. दत्ता यंत्र पुसून माळ्यावर ठेवूया म्हणाला. मी म्हणाले, ठेव.

परवा सोनाबाई आली. नातवाच्या मोटारसायकलवर बसून बावड्याहून बारामतीपर्यंत, या वयात. तिला कुणी कळवलं नव्हतं, बाजारात कुणाकडून तरी ऐकलं म्हणाली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली. "भावजी गेलं म्हणं." मी सांगितलं, कसं झालं ते. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"मागं येकलंच आलं हुतं माज्याकडं."

मला आधी कळलंच नाही. "आपण आलो होतो, तेव्हा मी होते की."

"त्याच्या नंतर. येकलंच आलं. मुक्कामाला ऱ्हायलं, पडवीत निजलं. म्हणलं, वैनी, मला आठवलं. त्या दिशी धोंडीबा पोटभर जेवलावता. मटण हुतं. दोनदा मागून घेतलं. माज्या शेजारीच बसलावता, म्हणलं. माज्या ताटातली भाकरी सुदीक त्यानं घेतली."

मी तिच्याजवळ सरकले.

"खोटं बोलत हुतं," ती म्हणाली. "वर बघाय तयार न्हाय. आन् लढाईत भाकरी कुटली?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणायचं? बरं झालं म्हणलं. जेवला ते बरं झालं." तिनं पदरानं डोळे नाही, तोंड पुसलं. "इतक्या वर्सांत कुनी तेवढं बी बोललं नव्हतं मला."

मी तिला जेवायला वाढलं. जेवून ती गेली. नातवाच्या खांद्याला धरून मागं बसली आणि म्हणाली, भावजी मानूस चांगलं हुतं. दहाव्याला तसं सगळेच म्हणत होते. तिच्या तोंडून ते खरं वाटलं.

संध्याकाळी मी दत्ताला सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्याशी त्यांना खोटं बोलवलं नसेल. तुला त्यांनी तेवढं आपलं मानलं." असेल तसं. लोक मला हेच सांगतील, आणि काही वर्षांनी कदाचित मीही स्वतःला तेच सांगेन. आज मला ते पुरत नाही. ज्या बाईनं तुम्हाला ओट्यावरून परत लावलं, तिच्यासाठी तुम्ही ऊस बघण्याची थाप मारून बावड्याला गेलात, तिच्या पडवीत निजलात आणि तिच्या माणसाला पोटभर जेवू घातलंत. मी तर समोरच बसले होते. "हीच गं," एवढं म्हणायचं होतं. खरं असतं तर खरं, नसतं तर नसतं. मी तेही धरून राहिले असते. तिला तुम्ही निदान खोटं तरी दिलंत, मामा. मला तेही नाही.